पोज्जोच्या पुस्तकातला चुना

भट्टीतून उतरवलेला चुनखडीचा खडा हातात घेतला की आधी जाणवतं ते त्याचं वजन. दिसायला तो भट्टीत टाकताना होता तसाच असतो, त्याच ठेवणीचा, फक्त जरा जास्त पांढरा. पण उचलायला जावं तर हात आपोआप वर येतो, इतका तो हलका झालेला असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक नीट भाजला तर हाती छप्पन्न किलो कळीचा चुना लागतो, बाकीचं हवेत जातं. आकार मात्र तो सोडत नाही. आकार सुटतो पाणी पडल्यावर. हौदात खडा टाकला की थोडा वेळ काहीच होत नाही. मग आतून तड् असा आवाज येतो, खडा उलतो, पाणी खदखदायला लागतं, वाफेचा लोट उठतो आणि बघता बघता त्याचा लगदा होतो.

हे मी लहानपणापासून बघत आलोय. वडिलांची भट्टी होती, सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. ओढ्यातून आणि काळ्या रानातून चुनखडी गोळा करायची, मुठीएवढे तुकडे करायचे, लाकूड-कोळसा आणि खडे यांचे थरावर थर रचायचे आणि भट्टी लावायची. सिमेंटनं गावोगाव बस्तान बसवलं तेव्हा ती बंद पडली. मी गेली तीसेक वर्षं जुने वाडे, देवळं, विहिरी यांची चुन्यातली दुरुस्ती करतो. लेकीनं तोच धागा पुढे नेला. ती सध्या रोममध्ये जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेते आहे. गेल्या वर्षी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. तिनं मला जे पुस्तक ऐकवलं, त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

पुस्तक पोज्जो ब्राच्चोलिनीचं, लॅटिनमधलं. १४४८ साली त्यानं ते पोप निकोलस पाचवे यांना अर्पण केलं. नाव आहे 'दे व्हारिएताते फोर्तुने', म्हणजे दैवाचे फेरे. जुनी हस्तलिखितं धुंडाळणारा हा माणूस, पोपच्या कचेरीत लेखनिक. रोमन कवी ल्युक्रेशियसचं हरवलेलं काव्य १४१७ साली एका मठातून यानंच बाहेर काढलं. त्याचं अक्षरही असं सुबक की पुढे छापखान्यांनी जे गोल रोमन वळण उचललं, त्याच्या मुळाशी पोज्जो आणि त्याच्या मित्रांचं हस्ताक्षर आहे. त्या काळी शहराची स्तुती लिहायची चालच पडली होती. ब्रूनीनं फ्लॉरेन्सची लिहिली. कॉन्स्टँटिनोपलहून ग्रीक शिकवायला आलेल्या क्रिसोलोरासनं १४११ साली आपल्या सम्राटाला पत्र लिहून जुन्या रोमची थोरवी सांगितली. पोज्जोनं रोमचं कौतुक केलं ते वेगळ्या तऱ्हेनं. शहराच्या अंगावर काय काय उरलंय, ते तो मोजत बसला.

लेकीनं मला कापितोलिन टेकडीवर नेलं. सेनेटच्या वाड्याच्या मागच्या बाजूला कठडा आहे, तिथून खाली सगळा फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, दिसतो. सकाळची वेळ होती, पण ऊन चढलं होतं. "बाबा, इथं टेका," ती म्हणाली, "हे पुस्तक याच टेकडीवर सुरू होतं." आणि मोबाइलवर बघून ती इंग्रजीतून मला मराठीत सांगायला लागली.

पोप मार्टिन पाचवे वारले ते १४३१च्या फेब्रुवारीत. त्याच्या थोडं आधी प्रकृतीसाठी ते शहराबाहेर तुस्कुलमकडे गेले होते. कचेरीला काम नव्हतं. पोज्जो आणि त्याचा वडीलधारा मित्र अंतोनियो लोस्की शहरातल्या ओसाड जागा बघत हिंडायचे. एकदा घोड्यांवरून या टेकडीवर आले. अंतोनियो थकला होता. दोघं उतरले आणि कुठल्याशा देवळाच्या दाराचा संगमरवरी प्रचंड उंबरा पडला होता, त्याच्यामागे, मोडक्या खांबांच्या गर्दीत बसले. समोर शहर पसरलेलं. रोमन कवी व्हर्जिलनं म्हटलं होतं की आज सोन्यानं झळकणारी ही टेकडी एके काळी काट्याकुट्यांनी भरलेली होती. अंतोनियो ती ओळ उलटी करून म्हणतो: सोन्याची होती ती तेव्हा, काटेकुटे आहेत ते आता. आणि सगळं शहर एखाद्या राक्षसाच्या प्रेतासारखं पडलंय, कुजलेलं, चहूकडून कुरतडलेलं.

इथपर्यंत कुठल्याही कवीनं लिहिलं असतं. यानंतर पोज्जो यादी सांगायला लागतो, आणि मला तो आमच्या धंद्यातला माणूस वाटायला लागला तो तिथून. वाड्याचं काम घेण्याआधी आम्ही पाहणी करतो: कुठला खांब शाबूत, कुठली तुळई गेली, कुठे पाणी मुरतंय. तशीच ही पाहणी. आपण बसलोय त्याच टेकडीपासून त्यानं सुरुवात केली. टेकडीच्या पोटात दुहेरी कमानींचं एक बांधकाम आहे, रोमन प्रजासत्ताकाचं दप्तरखाना म्हणून बांधलेलं तबुलारियम. पोज्जोच्या काळात तिथं सरकारी मीठ साठवलं जायचं. भिंतीवर क्विंतुस लुतातियुस कातुलुस याचा लेख होता, इसवी सनापूर्वी ७८ साली कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना हे बांधकाम त्यानं करवलं असं सांगणारा. पोज्जोनं तो लेख वाचला आणि लिहून ठेवलं की मिठाच्या ओलीनं अक्षरं खाल्ली जातायत.

मी लेकीला म्हणालो, "अगं, लोणा लागला होता की त्या भिंतीला!"

जुन्या घरात राहिलेल्याला लोणा काय ते सांगावं लागत नाही. मीठ ओलीबरोबर दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. ओल सुकली की आतल्या आत त्याचे खडे वाढतात आणि दगडाचा पापुद्रा पुढे ढकलतात. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. ज्वालामुखीच्या राखेतून झालेला तिथला दगड तर जास्तच सच्छिद्र. पोज्जोला यातली कारणमीमांसा ठाऊक असो-नसो, मीठ आणि अक्षर यांचा संबंध त्यानं डोळ्यांनी पाहिला आणि नोंदवला. सहाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस भिंतीपाशी वाकून, बोटानं अक्षरं चाचपत उभा आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

त्याच्या यादीत पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे चुना.

टेकडीच्या उतारावरच्या एका देवळाला तो कॉन्कॉर्दियाचं देऊळ म्हणतो. आज ते सॅटर्नचं म्हणून ओळखलं जातं. पोज्जो सांगतो: मी पहिल्यांदा रोमला आलो तेव्हा हे जवळपास पूर्ण उभं होतं, संगमरवराचं अतिशय देखणं काम. नंतर रोमच्या लोकांनी ते चुन्यासाठी पाडलं. अप्पियन रस्त्यावरची सेसिलिया मेतेल्लाची समाधी इतकी शतकं कुणी हात न लावलेली, तिचाही बराच भाग चुन्यात गेला. कोलोसियमचा मोठा हिस्सा लोकांच्या मूर्खपणापायी चुना झाला. पोज्जो रोमला आला १४०३ साली, आणि टेकडीवरची ही भेट १४३१च्या आसपासची. म्हणजे पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. हजार वर्षांत रानटी टोळ्यांनी, भूकंपांनी, पुरांनी जे पाडलं नव्हतं, ते एका माणसाच्या नोकरीच्या काळात त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. आणि नेलं ते तिथंच राहणाऱ्यांनी. आज ज्याला लार्गो अर्जेंतिना म्हणतात, त्या भागाला मध्ययुगात नावच पडलं होतं चुनेवाल्यांवरून.

मी चुनेवाल्याच्या घरातला. चुनेवाल्याला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही. त्याला पोट होतं, शहराला भिंती हव्या होत्या. संगमरवर म्हणजे शुद्ध चुनखडक, त्याच्यासारखा चुना दुसऱ्या कशाचा होत नाही. पण मला भट्टीचं काम ठाऊक आहे म्हणूनच त्या ओळी मला सोसल्या नाहीत. भट्टीत मोठा दगड भाजत नाही, आतून कच्चा राहतो. आधी घणानं फोडून मुठीएवढे तुकडे करावे लागतात. पुतळ्याचा हात मात्र मुळातच मुठीएवढा. तो फोडायचंही कारण नाही. तो हात भट्टीतून हातच निघेल, पाच बोटांचा, हलका, पांढराफेक. बोटांचा लगदा होणार तो हौदात, पाणी पडल्यावर.

कठड्यावरून खाली उतरून आम्ही सॅटर्नच्या देवळासमोर गेलो. आज तिथं आठ खांब उभे आहेत. वर आडव्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लेख आहे: आगीत भस्म झालेलं हे देऊळ रोमचं सेनेट आणि रोमची जनता यांनी पुन्हा उभं केलं. मी बराच वेळ खांबांकडेच बघत होतो. काही करडे, काही तांबूस, दाणेदार.

"हा ग्रॅनाइट ना?" मी विचारलं.

"हो, इजिप्तवरून आणलेला."

"म्हणून राहिले."

तिला क्षणभर उमगलं नाही, मग ती थांबली. ग्रॅनाइट कितीही भाजा, चुना होत नाही. भट्टीवाल्याला त्याचा उपयोग शून्य. देवळाचा जो भाग चुन्याच्या कामाचा होता तो गेला आणि जो भट्टीला नालायक होता तो दिमाखात उभा राहिला. आपल्याकडचा काळा दगडही तसाच. सह्याद्रीच्या बेसाल्टची भट्टी लागत नाही. हेमाडपंती देवळांचे दगड लोकांनी विहिरीच्या पायऱ्यांना लावले, गावकुसात घातले, कपडे धुवायला नेले, हे सगळं मी पाहिलंय, पण कुणी ते भाजून खाल्ले नाहीत. वीरगळ शेताच्या बांधात पालथा पडलेला असला तरी पुन्हा उलटा करता येतो.

पोज्जोची यादी पुढेही खूप चालते. शहराची तटबंदी घेऱ्यात दहा मैल, बुरूज ३७९, दरवाजे १३. ज्या फोरममध्ये कायदे व्हायचे, तिथं एका बाजूला भाजीचे वाफे आणि दुसरीकडे डुकरं नि म्हशी. शहराच्या तटाला लागून सेस्तियुस नावाच्या माणसाची समाधी आहे, पिरॅमिडच्या आकाराची. पेत्रार्कसारख्या थोर पंडितानं तिला रोमच्या संस्थापकाच्या भावाची, रेमुसची, समाधी म्हटलं होतं. पोज्जोला आश्चर्य वाटतं, कारण लेख तर तिथं दगडावर धडधडीत आहे. मग तोच पेत्रार्कची बाजू घेतो: त्या वेळी लेखावर झुडपं वाढली असतील. पंडित पंडिताला सांभाळून घेतोय हे मला आवडलं, आणि त्यातली झुडपांची गोष्ट तर जास्तच. पेत्रार्कचं रोमवरचं प्रेम काही कमी नव्हतं. मित्राबरोबर हिंडून दमला की तो डायोक्लेशियनच्या स्नानगृहाच्या छतावर चढून बसायचा, तिथली हवा आणि शांतता त्याला आवडायची. पण झुडूप बाजूला करून बघितलं पोज्जोनं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिनर्व्हा देवीच्या देवळाच्या जागेजवळ एका बागेत कुणी झाडं लावायला खड्डे खणत होतं. खाली पहुडलेला एक संगमरवरी पुतळा लागला, डोकं इतकं मोठं की शहरातल्या सगळ्या पुतळ्यांहून मोठं. बघायला रोज जास्तच लोक यायला लागले. त्यांच्या गोंगाटाला कंटाळून बागेच्या मालकानं पुतळ्यावर पुन्हा माती लोटली. लेक म्हणाली, "बिचारा पुतळा." मला मात्र त्या मालकाचे आभार मानावेसे वाटले. मातीखाली असलेल्याला भट्टीवाला नेत नाही. आमच्याकडे एका देवळाच्या दुरुस्तीत जोत्याशी भराव काढताना कोरीव पट्टा निघाला होता, आदल्या दिवशी घडवून ठेवावा इतका ताजा. वरचा भाग मात्र त्याआधी कुणा कंत्राटदारानं यंत्रानं घासून गुळगुळीत केला होता, वर ऑइलपेंट. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पोज्जोनं ज्या पोपला पुस्तक अर्पण केलं, त्यांच्याच कारकिर्दीत १४५२ साली एका कंत्राटदारानं कोलोसियममधून अडीच हजारांहून जास्त गाड्या दगड काढून नेला. निकोलस विद्येचे भोक्ते होते, पुस्तकं जमवणारे होते. त्यांना शहर नव्यानं बांधायचं होतं. सत्तर वर्षांनी राफाएलनं पोप लिओ दहावे यांना लिहिलेल्या पत्रात तीच कळकळ आहे: किती पुतळ्यांचा, किती जुन्या कोरीवकामाचा चुना झाला, हे आपल्याला दिसणारं सगळं नवं रोम त्याच चुन्यानं बांधलेलं आहे. तोवर चित्रकार राफाएल सेंट पीटर चर्चच्या बांधकामावर मुख्य होता, त्यालाही दगड लागतच होता. लेख असलेला दगड त्याच्या परवानगीशिवाय फोडायचा नाही, एवढी सोय पोपकडून झाली होती.

आता त्या पुस्तकाच्या चौथ्या भागाकडे येतो. लेकीनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

निकोलो दे कोंती नावाचा व्हेनिसकडचा व्यापारी पंचवीसेक वर्षं पूर्वेकडे हिंडून परतला. वाटेत जीव वाचवायला त्याला धर्म बदलावा लागला होता, इजिप्तमध्ये साथीत बायको आणि दोन मुलं गेली होती. पोपकडे क्षमा मागायला तो फ्लॉरेन्सला आला, तेव्हा पोज्जोनं त्याला बसवून खोदून खोदून विचारलं आणि सगळं लिहून काढलं. ज्या पुस्तकाची सुरुवात रोमच्या भग्नावशेषांत होते, त्याच्याच शेवटी हिंदुस्थान आहे. आणि त्यात विजयनगर आहे. उभ्या डोंगरांच्या कुशीतलं, घेऱ्यात साठ मैल, तटबंदी डोंगरावर चढत गेलेली आणि पायथ्याची खोरी पोटात घेणारी, हत्यार धरू शकतील अशी नव्वद हजार माणसं असलेलं शहर. कोंतीनं ते पाहिलं १४२०च्या सुमारास. पोज्जो मेलेल्या शहराची पाहणी करत होता, तेव्हा हे शहर तरुण होतं.

हे ऐकताना मी हंपीला पोचलो होतो. तिथं मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा गवंड्यांना घेऊन. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, आपल्या नगरच्या निजामशाहीची फौजही त्यात होती. त्यानंतर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. आज राजवाड्यांची नुसती जोती उरलीत, वरचं लाकूडकाम जळून गेलं. देवळं मात्र आहेत, ग्रॅनाइटची. गोपुरांचा खालचा भाग ग्रॅनाइटचा, वरचे मजले विटा आणि चुन्याचे. ते चुन्यातलं काम ढासळलंय. विठ्ठलाच्या देवळात दगडी रथ आहे, खांब आहेत, आणि गाभारा रिकामा. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्याला तो रिकामेपणा वेगळाच लागतो. भानुदास महाराजांनी तिथून विठोबा परत पंढरीला आणला ही कथा आजीनं सांगितलेली. रोममध्ये चुना व्हावा म्हणून देवळं गेली, हंपीत देवळांवरचा चुना गेला. दोन्हीकडे दाणेदार दगड तेवढा मागे राहिला.

मी परत आलो. मार्चमध्ये एका वाड्याच्या सज्जाचं काम चालू होतं. महिनाभर मुरवलेला चुना गवंडी ताज्या लोण्यासारखा थापीवर घेत होते. दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, तेव्हा एक परिच्छेद वाचायचा राहिला होता. आज वाचते." कोंतीनं विजयनगरच्या सणांबद्दल सांगितलेलं होतं. एका सणाला नवे कपडे घालून तीन दिवस गाणं, नाच, जेवणावळी. एका सणाला देवळांत आणि घरांच्या छपरांवर अगणित तेलाचे दिवे, रात्रंदिवस. आणि एका सणाला तीन दिवस रस्त्याच्या कडेला केशराचं पाणी भरून ठेवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्यावर ते शिंपडायचं, राजा आला तरी त्याच्यावर, राणी आली तरी तिच्यावर, आणि सगळे खळखळून हसत ते अंगावर घ्यायचे.

"ऐकू येतंय का नीट?" तिनं विचारलं. "मागे कसला एवढा गोंधळ चाललाय?"

खाली चौकात पोरांनी पिंपं भरून ठेवली होती. आमच्याकडे त्या दिवशी रंगपंचमी होती.